डावीकडे झुकलेली कारंजी

पिल्लू अजून जिवंत होतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

भर दुपारी, उतरत्या पाण्यात ते निम्मं बुडून पडलं होतं. होडीएवढं लांब, टनभर वजनाचं. डॉक्टरबाई गुडघाभर पाण्यात त्याच्या शेपटीपाशी उभी होती. तिची सगळी नोकरी गुराढोरांत गेलेली. देवमाशाला हात लावायची ही पहिलीच वेळ. पण मोडलेला कणा गाईचा काय नि देवमाशाचा काय, हाताला सारखाच लागतो. शेपटी नुसती लाटेबरोबर हलत होती.

"दोर बांधून ओढू या का?" होडीवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"ओढून कुठे नेणार? त्याला पोहता येणार नाही आता."

पिल्लू टकटक आवाज काढत होतं, बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. कानांपेक्षा तो तिच्या नडग्यांना जास्त जाणवत होता.

मागे खडकावर तिचे बाबा बसले होते. तरुणपणची वीस वर्षं त्यांनी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर, भाले डागणाऱ्या तोफेमागे काढलेली. घरात तो विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. आज तिनेच त्यांना हाताला धरून आणलं होतं.

"बाबा, ही जात कुठली?"

"तेलवाली." त्यांनी पिल्लाच्या बोथट कपाळाकडे बोट केलं. "या डोक्यातल्या तेलावर एकेकाळी शहरंच्या शहरं उजळायची. घड्याळांच्या चाकांनाही हेच तेल लागायचं. आम्ही बादल्यांनी उपसायचो." मग आवाज खाली आला. "दूधपितं आहे गं. एकटं नसतं ते कधी. आई खायला खोल बुडी मारते, तेव्हा वर मावश्या सांभाळतात."

तिने मान वर केली.

लांबवर, पाणी काळं होतं तिथे, एक कारंजं उठलं. सरळ नाही, डावीकडे झुकलेलं. मग दुसरं. मग एकदम कितीतरी.

"अकरा," होडीवाला मोजून म्हणाला. त्याची थट्टामस्करी सकाळपासून चालू होती, ती तिथेच थांबली. "बाई, पाणी उतरतंय. मधली वाळूची पट्टी ओलांडून आत आल्या, तर एकही परत जायची नाही."

पायाखाली टकटक चालूच होती. पाण्यातून ही हाक किती लांब जात असेल? हाक आहे तोवर त्या येणार. आणि पिल्लू तसंही वाचणार नव्हतं. तिने पेटी उघडली. गुरांसाठीची सगळ्यात लांब सुई काढली, कायमचं झोपवायच्या औषधाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या रिकाम्या केल्या. सुई पिल्लाच्या कातडीत खोल घातली. पिल्लाचा डोळा तिच्याकडे वळला होता. तिने त्यावर तळवा ठेवला.

टकटकीचे ठोके विरळ झाले. एक. बऱ्याच वेळाने आणखी एक.

मग काहीच नाही.

ती पाण्यातून वळली. "बाबा, हाक थांबली. आता वळतील ना त्या?"

बाबा उभे राहिले होते. ते समुद्राकडे बघत होते.

"बाबा?"

"आम्ही पहिला नेम पिल्लावरच धरायचो," ते म्हणाले. "मग त्याच्याभोवती त्या सगळ्या आपणहून जमायच्या, जहाज हलवावंच लागायचं नाही."

तिच्या पायांना पुन्हा काहीतरी जाणवू लागलं. या वेळी ते समुद्राकडून येत होतं. ठोके जड होते, आणि एकाचे नव्हते.

वाळूच्या पट्टीच्या अलीकडे पहिलं कारंजं उठलं.