चिखलाचा वास

लहूने हात वर केला आणि गणपतला खात्रीच पटली, ह्यालाही गिरणीच्या मालकाने गाठलंय.

परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी चालली होती. बंद गिरणीमागचं तळं आणि त्याच्या काठची जागा महापालिकेने गिरणी कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवली होती. त्या घरांत एक घर गणपतचं होतं. आणि आता राज्य सरकार पर्यावरणाचा नवा कायदा आणू म्हणत होतं. तळं नैसर्गिक असेल, त्यात जीव आपसूक वाढत असतील, तर तिथल्या जागेचं काय करायचं ते मंत्रालय ठरवणार. महापालिकेने मूग गिळून गप्प बसायचं. घरं बारगळणार, जागा द्यावी लागणार नाही, म्हणून मालक खुशीत.

गणपतला ह्यात पहिल्यापासून काळंबेरं दिसत होतं. इतकी वर्षं सरकारला ना तळं दिसलं, ना त्यावरचे बगळे. घरं मिळायची वेळ आली आणि बरा पुळका आला! त्याला दुर्बीण घेऊन पक्षी बघायला येणाऱ्या पोरीचा संशय होता. वॉचमनचा होता, नगरसेवकाचा होता. बायकोचा, राधाबाईचा, तेवढा नव्हता.

लहूचा तर जुनाच होता. लहू त्याचा सख्खा धाकटा भाऊ. गिरण्यांचा संप ऐन भरात असताना पहाटे गिरणीच्या भिंतीवरून उतरताना लोकांनी त्याला पाहिलं होतं. लालबागमध्ये तेव्हा गिरणीत गेलेल्या माणसाला कोणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. लहूने कबूलही केलं नाही, नाकारलंही नाही. नुसता मान खाली घालून उभा राहिला. संप मिटेपर्यंत गिरणीतली सुतळीसुद्धा घरात येता कामा नये, असं गणपतने घरात बजावून ठेवलं होतं. आणि इथे भाऊच फुटला! त्याच दिवशी त्याने लहूला खोलीतून बाहेर काढलं.

पुढे संप बुडाला, गिरणी बुडाली, दोघांचे केस पिकले. गणपतचा पीळ काही सुटला नाही. संपाचा विषय निघाला की तो ताठ बसून सांगायचा, आम्ही चिखलाचा वास मारणारी मासळी खाऊन दिवस काढले, पण गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. कोकणातला माणूस, समुद्राच्या मासळीवर वाढलेला. त्या कालवणाला तो तेव्हाही नाक मुरडायचा. दादरच्या बाजारात उरलेली स्वस्तात मिळते, पोरी उपाशी राहण्यापेक्षा बरं, गप जेवा, असं राधाबाई म्हणायची. मग तो जेवायचा.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुन्हा विचारलं. तळ्यात मासे आहेत म्हणून बगळे येतात, हे ठीक. पण मासे आले कुठून? आपसूक आले असतील तर हा कायदा लागू होईल. कोणी आणून सोडले असतील तर जागा महापालिकेच्याच हातात राहील. मालकाचा वकील म्हणाला, तळं गिरणीच्या आधीपासूनचं आहे आणि मासेही.

लहू उभाच होता. हा आता वकिलाच्या होला हो करणार बघ, असं गणपत राधाबाईच्या कानाशी पुटपुटला. ती पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिली.

"मासे मी सोडले, साहेब," लहू म्हणाला. "चिलापी. पवईच्या तलावातनं रॉकेलच्या डब्यात बारकी पिल्लं आणली. संपात."

मग त्याने सगळं सांगितलं. भिंत चढून आत तळ्यावर जायचा, पावाचे तुकडे टाकायचा, मासे मोठे झाले तसे गळ टाकून काढायचा. चार घरची पोरं त्यावर जगली, म्हणाला. कोणाची, ते सांगितलं नाही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. वकिलाचा चेहरा पडला. मागे कोणीतरी म्हणालं, घरं वाचली रे बाबा.

गणपतला घरं दिसतच नव्हती. तो उठला. 

"म्हणजे संपात तू गिरणीत गेला होतास."

"गेलो होतो, दादा."

भर हॉलमध्ये, अख्ख्या लालबागसमोर कबूल झालं होतं. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला होता. गणपतची छाती फुगली. ऐकलंस ना, असं विचारायला तो राधाबाईकडे वळला.

राधाबाईने डोळे पुसले.

"मी मीठ-हळद चोळून चोळून धुवायची हो," ती म्हणाली. "तरी तुम्हाला चिखलाचा वास यायचाच."