मुद्देसूद

ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद साहेबांच्या सहीनेच जायचा. त्यामुळे साहेबांनी डोक्यात पंचिंग मशीन घातल्याची तक्रारही कारकुनाने, कपाळावरचं रक्त पुसत, त्यांच्याच टेबलावर ठेवली. ती हेड ऑफिसला पोचली की साहेबांची नोकरी गेलीच म्हणून समजा.

साहेबांनी लाल पेन उघडलं. "‘मारहाण झाली’ म्हणजे काय रे? असं मोघम नको. कोणी, कशाने, किती वेळा, सगळं येऊ दे."

कारकुनाने नवा कागद लिहून आणला.

"हं, आता कसं मुद्देसूद झालं. फक्त फटके तीन लिहिलेस, बसलेत दोन."

"वजन पडावं म्हणून एक वाढवला, साहेब."

 

"माझ्या ऑफिसातून खोटा कागद जात नाही," म्हणत साहेबांनी तिसरा हाणला आणि सही केली.