उतरवलेली माळ

एरंडोल मागे पडलं तसा बसमध्ये बसलेल्या झुलालचा हात सवयीने गळ्याकडे गेला. माळ नव्हतीच. ती त्याने मागच्या पावसाळ्यातच उतरवून ठेवली होती. चारचौघांत दारुड्या म्हणवून घ्यायचं आणि गळ्यात तुळशीची माळ मिरवायची, हे त्याच्याच्याने झालं नसतं.

शेजारी बेबाबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"पितांबर येई ना?" तिने विचारलं.

"येई. छायाले बी संगे लई येई."

छाया त्यांची मुलगी. बेबाबाईचा भाऊ पितांबर एकदा अचानक घरी आला, आणि उंबऱ्यातच त्याच्या नाकाला वास लागला. "ज्या घरमा दारू शे, तठे मनी भाची नही," म्हणाला आणि पोरीला अमळनेरला घेऊन गेला. घरातली दारू सुटली की आणून सोडेन, एवढं मात्र बोलून गेला. तेव्हापासून घर नुसतं खायला उठायचं. अखाजीच्या सणाला गावच्या साऱ्या सुना माहेरी गेल्या, बेबाबाई गेली नाही. नवऱ्याला एकटं कसं सोडू, असा निरोप तिने धाडला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. भजनी मंडळाने झुलालकडून टाळ परत मागून घेतले. पारावरची टवाळ पोरं त्याच्यामागे झोकांड्या खात चालायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! माणूस थकला होता. बसमध्ये बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायचे.

दारू सोडणाऱ्यांची सभा धुळ्यालाही भरते असं त्याने ऐकलं होतं. पण तिथे ओळखीचे फार, म्हणून जळगाव गाठलं. शाळेच्या एका खोलीत रविवारी दुपारी सभा भरायची. पहिल्यांदा दोघं दारात उभे राहिले तेव्हा कुणी काही विचारलंच नाही. सभा चालवणारे अभिमननाना पुढे आले, झुलालच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं. सतरंजीवरच्या बायकांनी सरकून बेबाबाईला जागा दिली. "बस अक्का, आमच्याबी घरी हेच होतं," एकीने म्हटलं. झालं, त्या दिवसापासून जागा ठरून गेल्या.

नाना डाळ मिलमध्ये मुकादम होते. एके काळी त्यांनीही घर धुळीला मिळवलं होतं. आज त्यांनी मुद्दाम घरच्या माणसांना बोलावलं होतं. पितांबर मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. शेजारी छाया. उंच झाली होती पोर. तिने बापाकडे एकदा पाहिलं, आणि मग आईवरची नजर हलवलीच नाही.

झुलाल उठला.

"माझं नाव झुलाल. मी दारुड्या."

"नमस्कार, झुलालभाऊ," खोली म्हणाली.

त्याने नेहमीचंच सांगितलं. धाकटा मुलगा तापाने गेला, तेव्हापासून ही सुरू झाली. आधी झोप यावी म्हणून घोटभर. मग घोटाशिवाय दिवस उजाडेना. बाटली पापडाच्या डब्यात लपवलेली असायची. एका सणाला चुलीवरचं पुरण करपून कोळसा झालं, तरी शुद्ध नव्हती.

नाना हसले. "आम्ही कडब्याच्या गंजीत लपवली, मोरीत लपवली. बायकोच्या हाताखालच्या डब्यात लपवणारा तूच भेटलास, बाबा!"

सगळे हसले. बेबाबाई खाली बघत राहिली.

"आणि आता?"

"आता त्या डब्यात पापडच आहेत, नाना. दसरा गेला, दिवाळी गेली. घरात थेंब आला नाही."

"दारुड्याना काय भरोसा?" पितांबर भिंत सोडून पुढे आला. "यानी मनी बहीणनं वाटोळं करं. पोर आते मनाकडेच ऱ्हाई. बेबी, तू बी चाल. ऊठ."

झुलालने खुर्चीची पाठ धरली. त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

"पोर इले द्या," तो बेबाबाईकडे बघत म्हणाला. "तिनाबिगर ही जगाव नही. मी मळामा ऱ्हासू."

"खरंच?" पितांबरने विचारलं.

"खरंच. घरमा पाय बी ठेवाव नही."

पितांबर विचारात पडला. छायाने मामाचा सदरा ओढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. झुलालने तिच्याकडे बघून हळूच नकाराची मान हलवली. पोरीने तोंड मिटलं.

तेवढ्यात बेबाबाई सतरंजीवरून उठली. बायकांमधून वाट काढत पुरुषांच्या खुर्च्यांपाशी आली. पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली, तिची गाठ सोडली आणि आतली तुळशीची माळ झुलालच्या हातात ठेवली.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "आते घाला ही."

मग ती नानांकडे वळली. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

"मनं नाव बेबाबाई. पापडना डबामानी बाटली मनी व्हती."