लाखेत राहिलेली ओळ

"जैतून, हात थांबवू नको, लाख वाळेल." साठ वर्षांपूर्वीचा अब्बांचा आवाज जुन्या तंबोऱ्यातून आला आणि जैतूनबींचं मनगट आपसूक फिरलं.

वाद्याला चकाकीसाठी घासलेल्या वाळत्या लाखेत आवाज गोठून राहतो. संशोधक केतकीचं यंत्र तो उकलत होतं. मिरजेच्या याच वाद्यांच्या कारखान्यात तरुण गिजरेबुवांनी चार वाद्यांची एक रचना बसवायला घेतली होती. पुढे जगभर गाजलेल्या बुवांची ती पहिली, अर्धीच राहिलेली रचना आज सापडली होती.

"पुढचं सुचत नाही," तंबोऱ्यातले बुवा म्हणाले, आणि वाद्यं थांबली. मग लाख घासणाऱ्या हाताच्या ठेक्यावर एक मुलगी गुणगुणली आणि ओळ पुरी झाली.

केतकीचे डोळे भरले. "हीच ओळ बुवा जन्मभर वाजवत आले, आजी. पण या मुलीचं नाव कुठंच नाही. नोंदीत 'अज्ञात' लिहू?"

कारागिरानं वाद्याला बोलू द्यावं, आपण गप्प राहावं, असं अब्बा सांगायचे. जैतूनबींनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून हात फिरवला.

"जैतून सतारमेकर लिही. चौदा वर्षांची होते. आणि लाखही वाळू दिली नाही."