पिवळा डाग

खाणीत गाडल्या गेलेल्या, ओळख न पटलेल्या कामगारांच्या थडग्यांचे ते दगड. एकावरही नाव नव्हतं. बुरशी आणि शेवाळाने काळवंडलेली सगळी रांग दफनभूमीतल्या सफाईवाल्या पोराने घासूनपुसून लख्ख केली. मुकादमाने पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नेहमीची म्हातारी आली आणि रांगेपुढे गोंधळून थांबली.

"अरे बाळा, माझ्या लेकाच्या दगडावर बुरशीचा पिवळा डाग होता. तो कुठे गेला? आता ओळखू कसा?"

कुठला दगड, त्यालाही आठवेना. तरी त्याने एकाकडे बोट दाखवलं. "हाच, आजी."

ती टेकली. ओल्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "असू दे हो. तेव्हा खाणीच्या साहेबांनीही असंच बोट दाखवलं होतं."