निळ्या रेघेच्या आत

“डोळे मीट. कापूस लागला की ‘हो’ म्हण. नाही लागला तर गप्प बस. आणि मला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणू नकोस. तसं केलंस तर हात तुझा जाईल, माझा नाही.”

थेरपिस्टचं ऐकून मुलीनं डोळे मिटले. उजवा हात समोरच्या उशीवर होता, कोपरात वाकलेला. तीन महिने तो त्याहून सरळ झाला नव्हता.

“हो,” ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, “हो.” मग बराच वेळ काही नाही. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी रबराचा चेंडू दाबत मोठ्यानं आकडे म्हणत होतं. चाळीसपर्यंत ते तिनं ऐकले.

“उघड.”

कोपराच्या आतल्या बाजूला पेनानं निळी रेघ काढलेली होती. वेडीवाकडी, पण दोन्ही टोकं जुळलेली. आत तळहात मावेल एवढी जागा. करंगळीच्या मुळाशी आणखी एक रेघ.

“बाहेर तुला कळतंय. आत काहीच नाही,” थेरपिस्ट म्हणाली. ती पन्नाशीची होती आणि तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असा होता. आता मात्र तिनं तो खाली आणला. “भाजलेलं कातडं आक्रसून इथल्या नसेवर बसलंय. ते मऊ ठेवायचं म्हणजे रोज दोनदा चोळायला हवं. नाहीतर करंगळी आणि शेजारचं बोट वाकून तशीच राहतील. डावा हात तर तुझा अजून पट्टीत. घरी कोण असतं?”

“बाबा.”

“अजून?”

“बाबाच.”

थेरपिस्टनं दार उघडून हाक मारली. बाबा आत आले ते दाराशीच थांबले. तीस वर्षं त्यांनी फर्निचरला पॉलिश केलं होतं. नखं कायम तपकिरी असायची. आता ती मुळापासून अर्ध्यापर्यंत स्वच्छ वाढली होती. स्पिरिटचे कॅन ते घरातच ठेवायचे, स्वयंपाकघराच्या दाराआड. आग तिथंच भडकली. आईला आणायला मुलगी आत गेली, आणि एकटीच बाहेर आली. त्यानंतर बाबा तिच्या उजव्या बाजूला कधी बसले नव्हते.

थेरपिस्टनं काय करायचं ते सांगितलं. बाबा खिडकीकडे बघत ऐकत होते.

“मला नाही जमायचं. एखादी बाई ठेवू.”

“रोज दोनदा, वर्षभर? मग तिला दत्तकच घ्या. तुम्ही काम काय करता?”

“पॉलिश. लाकडाला.”

“घ्या! जन्म गेला घासण्यात, आणि म्हणे जमायचं नाही.”

“लाकडाला लागत नाही, बाई,” बाबा म्हणाले.

थेरपिस्टनं बोटावर मलम घेतलं, मुलीच्या कोपरावर अंगठा टेकवला आणि लहान लहान गोल फिरवून दाखवलं. दाब किती, तर अंगठ्याचं नख पांढरं होईल इतका. बाबांना बघावंच लागलं. बघता बघता ते एक पाऊल पुढे आले.

“रेषेच्या बाजूनं करायचं की आडवं?”

“कसली रेषा?”

“लाकडाला असते. तिच्या उलट गेलं की ओरखडे पडतात.”

थेरपिस्टनं कातडं नीट पाहिलं. “ह्याला नाही कसली रेषा. गोलच फिरवा.”

बाबांनी बेसिनवर हात धुतले. पुसले, आणि परत धुतले. मग स्टूल ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले. त्यांचा अंगठा हवेत जरा थांबला आणि खाली आला. तो खाली आल्याचं तिला दिसलं, म्हणून कळलं. अंगठा एक गोल फिरला, दुसरा फिरला. शेजारच्या घरातलं काही काचेतून दिसावं तसं ती बघत होती.

तिसऱ्या गोलाला तो थांबला.

“लागतंय का गं?”

अंगठा रेघेच्या बरोबर मध्ये होता. तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते तिच्याकडे बघत नव्हते.

“थोडंसं,” ती म्हणाली. “हळू.”

कागदावर लिहिणाऱ्या थेरपिस्टचं पेन थांबलं.

बाबांचा हात एकदम हलका झाला. गोल सारखे पडू लागले. “मग सांगावं गं,” ते पुटपुटले. “मला कसं कळणार? गप्प नाही बसायचं.”

“बरं.”

“आता?”

“आता ठीक आहे.”

चेंडूवाल्यानं आकडे पहिल्यापासून सुरू केले. बाबांचा अंगठा फिरत फिरत कडेला आला, तशी त्यांनी मान खाली घातली.

“ही रेघ कसली?”

मुलीनं थेरपिस्टकडे पाहिलं. थेरपिस्टनं मान वर केली नाही.

“मापाची,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. मापाच्या रेघेला धक्का लावायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. रेघेबाहेर आलेलं मलम त्यांनी करंगळीनं अलगद टिपून घेतलं. मग अंगठा आत घेतला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक कणही जागा न सोडता, रेघ कुठंही न पुसता, ते आतल्या आत चोळत राहिले.