भोंग्याची शुद्धी

ठाण्याच्या हौशी बँडमध्ये कचेरीतले भिकाजीपंत पाच वर्षं विलायती तुतारी वाजवत होते आणि दामाजी कोळी नऊ वर्षं मोठा पितळी भोंगा. नारळी पौर्णिमा झाली, दामाजीची होडी समुद्रावर निघायची वेळ आली, आणि इकडे आठ दिवसांवर नव्या कलेक्टरसाहेबांचं स्वागत. भोंग्याशिवाय बँड म्हणजे नुसती पिपाणी. तेव्हा पंत म्हणाले, "मी शिकतो भोंगा. फुंकायचंच तर आहे!"

जायच्या आदल्या सकाळी दामाजी भोंगा घेऊन पंतांच्या अंगणात आला. पंतांनी तो त्याच्याकडूनच चिंचेने आणि राखेने घासून घेतला, मग लांबून गोमूत्र शिंपडलं. एवढ्यानेही समाधान होईना, म्हणून फुंकायचं तोंड काढून चिमट्याने निखाऱ्यांवर धरलं.

"पंत, लई तापवू नका, सांध्याचा डाक सुटंल," दामाजी कळवळला.

"अरे, नऊ वर्षं तुझ्या तोंडाला लागलंय हे. तसंच ओठाला लावू?"

दामाजीची नजर ओटीवरच्या खुंटीकडे गेली. "आन् तुमची तुतारी? ती तर पलटणीच्या लिलावातली. किती गोरे सोजीर फुंकून गेले असतील. ती कशी शुद्ध केली?"

पंतांनी चटकन तुतारी खुंटीवरून काढून छातीशी धरली.



"खुळ्या, ही साहेबाच्या तोंडची! हिला धुतलं तर सूर नाही का जायचा?"